जुन्या ट्रॅक्टरच्या ‘सेल्फ’चा खटका : दोष कसा शोधावा

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यात डोंगरांच्या कुशीत बोदलकसा तलाव आहे. तो १९१७ साली बांधण्यात आला. हा सारा मुलूख धानाचा. आषाढात पाऊस लागला म्हणजे बांध्यांतून चिखलणी व रोवणी यांची एकच धांदल उडते. पऱ्हे २१ ते २५ दिवसांचे झाले की रोवणी व्हावयास हवी. ते वाफ्यातच वाढत राहिल्यास पुढे फुटवे कमी येतात आणि उत्पन्न घटते. नेमक्या याच दिवसांत जुना ट्रॅक्टर किल्ली फिरवूनही मुका राहिला, तर शेतकऱ्याचा जीव टांगणीला लागतो. मग कोणी धक्का मारावयास माणसे गोळा करतो, तर कोणी पेचकस घेऊन स्टार्टरकडे वळतो. यांतील दुसरा मार्ग जिवावर बेतणारा आहे.

आयशरचा पहिला ट्रॅक्टर फरीदाबाद येथे १९५९ साली तयार झाला. तेव्हापासूनच्या दोन-तीन दशकांतील यंत्रे डागडुजी करीत अजूनही कोठे कोठे राबताना दिसतात. त्यांची इंजिने दणकट असतात. हार खातात त्या तारा आणि खटके. पावसाळी दमट हवा, चिखलणीत उडणारे पाणी आणि गोठ्यातील उंदीर हे त्यांचे तीन शत्रू होत.

दोष शोधण्यापूर्वी विजेचा मार्ग समजून घ्यावा. तो दुहेरी असतो. जाड तारेचा मार्ग बॅटरीपासून सोलेनॉइडमधून स्टार्टरच्या मोटारीपर्यंत जातो. त्यातून शेकडो अँपियर प्रवाह वाहतो. बारीक तारेचा मार्ग बॅटरीपासून किल्लीच्या खटक्यात, तेथून बहुधा न्यूट्रलच्या सुरक्षा खटक्यातून सोलेनॉइडच्या लहान टोकाशी येतो. बारीक तारेने हुकूम द्यावा व जाड तारेने काम करावे, अशी ही योजना आहे. काही फार जुन्या यंत्रांत सोलेनॉइड नसतो. हाताने वा पायाने दाबावयाचा एकच भक्कम खटका सारा प्रवाह स्वतः वाहतो व त्याची तांब्याची टोके जळून काळी पडतात. फर्ग्युसनच्या जुन्या टीई-२० ट्रॅक्टरमध्ये तर गिअरची दांडीच ‘एस’ या खुणेकडे नेली म्हणजे स्टार्टर लागे. त्यामुळे गिअरमध्ये असताना यंत्र सुरू होणे शक्यच नव्हते. ही युक्ती साधी असली तरी तिच्यामागील विचार मोठा होता.

प्रथम गिअर न्यूट्रलमध्ये आहे, पीटीओची दांडी सुटलेली आहे व हँडब्रेक ओढलेला आहे, हे पाहावे. दांडी किंचित अडकलेली असली तरी सुरक्षा खटका जुळत नाही आणि मालक मात्र बॅटरीला दोष देत बसतो. त्यानंतर पुढचे दिवे लावून किल्ली फिरवावी. दिवे एकदम मंद झाले वा विझले, तर बॅटरी उतरलेली आहे, तिची टोके गंजलेली आहेत किंवा मोटार अडकलेली आहे. लागोपाठ टकटक आवाज येत असल्यास बॅटरीचाच संशय धरावा. एकच ‘खट्’ होऊन पुढे काही घडत नसेल, तर बॅटरी, जाड तारांचे जोड आणि सोलेनॉइडची आतील टोके तपासावीत. दिवे तसेच लख्ख राहिले व आवाजही आला नाही, तर हुकूमच पोचत नाही असे समजावे. किल्लीच्या खटक्याची पाळी येते ती येथे.

बॅटरी पुरती भरलेली असल्यास विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. स्टार्टर फिरत असताना हा दाब साडेनऊ व्होल्टच्या खाली जाऊ नये. टोकांवरील पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी, मात्र ते पाणी बॅटरीच्या घरांत जाऊ देऊ नये. अर्थची तार सांगाड्याला जेथे बसते, ती जागा रंग खरवडून धातू उघडा करून घट्ट आवळावी. या एका जोडाकडे फारसे कोणी पाहत नाही आणि पुष्कळदा दोष तेथेच सापडतो.

पुढील तपासणीसाठी १२ व्होल्टचा लहान दिवा आणि दोन तारा पुरतात. तत्पूर्वी इंजिन बंद करण्याची तार ओढून ठेवावी, सोलेनॉइडची लहान तार सोडवून ती कोठे टेकणार नाही अशी ठेवावी आणि किल्ली फिरविणाऱ्या माणसाने आसनावरच बसावे. दिव्याची एक तार स्वच्छ सांगाड्याला टेकवावी व दुसरीने जागोजाग पाहावे. खटक्यात येणाऱ्या तारेवर दिवा लागला, पण किल्ली फिरवूनही स्टार्टरकडे जाणाऱ्या टोकावर लागला नाही, तर खटका नादुरुस्त ठरतो. तेथे लागून न्यूट्रल खटक्याच्या पलीकडे विझत असेल, तर दोष न्यूट्रल खटक्यात आहे. अखेरपर्यंत दिवा लागत असेल, तर लहान तार पुन्हा जोडून पाहावे. तरीही सोलेनॉइड हलला नाही तर तो उघडावा.

येथे एक फसगत संभवते. खटक्याची टोके अर्धवट जळली असली तरी दिव्यापुरता थोडा प्रवाह त्यांतून जातो आणि खटका निर्दोष भासतो. म्हणून व्होल्टमापक मिळाल्यास लहान तार जोडलेली असताना त्याच्या दोन्ही तारा खटक्याच्या येणाऱ्या व जाणाऱ्या टोकांना लावून किल्ली फिरवावी. अर्ध्या व्होल्टहून अधिक आकडा दिसला तर खटका प्रवाह अडवीत आहे असे निश्चित मानावे.

खटका काढताना बॅटरीची अर्थची तार प्रथम सोडवावी व काम झाल्यावर ती शेवटी जोडावी. जुन्या काही ब्रिटिश ट्रॅक्टरांत धन टोक सांगाड्याला जोडलेले असते, तेव्हा सवयीने ऋण टोकालाच अर्थ समजू नये. प्रत्येक तारेला निरनिराळ्या रंगाचा दोरा बांधावा. टोकांवर नुसता काळा थर असेल तर बारीक काचकागदाने तो निघतो. खड्डे पडले असतील तर घासणे व्यर्थ आहे, नवा खटका बसवावा. नव्या खटक्याची टोके जुन्याच्याच क्रमाने असतात असे नाही, सबब जागेवरून नव्हे तर कामावरून तार जुळवावी. स्वस्त खटके वारंवार जळत असल्यास मध्ये ३० ते ४० अँपियरचा रिले बसविणे हिताचे असते. तो खर्च थोडा आहे आणि खटक्याचे आयुष्य बरेच वाढते.

किल्ली सोडल्यावरही स्टार्टर फिरतच राहिला, तर टोके चिकटली आहेत असे जाणून बॅटरीची अर्थची तार तत्काळ काढावी. त्यासाठी योग्य मापाचा पाना पेटीत सदैव असावा.

आता पेचकसाविषयी. सोलेनॉइडची दोन टोके पेचकसाने जोडली की किल्ली व न्यूट्रल खटका दोन्ही बाजूला पडतात. जुन्या डिझेल इंजिनाला पेट घेण्यास किल्ली लागत नाही. अशा वेळी यंत्र गिअरमध्ये असेल, तर ते त्याच क्षणी चालू लागते आणि जमिनीवर उभा असलेला माणूस मागच्या चाकाच्या वाटेत असतो. चिखलणीसाठी लोखंडी पिंजराचाके बसविलेली असतील, तर काय होईल ते सांगावयास नको. असे अपघात जगभर घडले आहेत व त्यात माणसे चिरडून मेली आहेत. न्यूट्रल खटका बिघडला म्हणून त्याच्या दोन तारा एकमेकींत पिळून टाकण्याची खोडही तितकीच घातक होय. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी कोणत्याही ट्रॅक्टरची पाहणी करताना अशा पिळलेल्या तारा आधी शोधाव्यात व मालकासमक्ष दाखवून द्याव्यात. तलावाच्या पाळीच्या उतारावर ट्रॅक्टर उभा करून सकाळी घसरत सुरू करणे, हाही उपाय नव्हे. गिअर लागला नाही तर पुढे पाणी आहे.

दुरुस्तीनंतर स्टार्टर एका वेळी १० ते १५ सेकंदांहून अधिक फिरवू नये व पुन्हा फिरविण्यापूर्वी त्याला मिनिटभर थंड होऊ द्यावे. चिखलणीचा हंगाम संपल्यावर सोलेनॉइडवरील चिखल सुक्या फडक्याने पुसावा, टोकांना पांढरे व्हॅसलिन लावावे, उंदरांनी कुरतडलेल्या तारा बदलाव्यात. ट्रॅक्टर बराच काळ उभा राहणार असेल तर बॅटरीची अर्थची तार सोडवून ठेवावी आणि बॅटरी महिन्यातून एकदा भरून घ्यावी.