कॅनडाचे नागरिकत्व आणि दिवसांचा हिशेब

कॅनडाच्या नागरिकत्वासाठी अर्जावर सही करण्याआधीच्या ५ वर्षांत १,०९५ दिवस प्रत्यक्ष त्या देशात राहिलेले असावे लागते. हा नियम ११ ऑक्टोबर २०१७ पासून लागू आहे. पीआर (कायम रहिवासी दर्जा) मिळण्यापूर्वी विद्यार्थी म्हणून किंवा वर्क परमिटवर काढलेला प्रत्येक दिवस अर्धा धरला जातो आणि त्याची कमाल मर्यादा ३६५ दिवसांची आहे. त्यामुळे अर्जदाराला ५ वर्षांतल्या परदेश प्रवासांची यादी द्यावी लागते. प्रत्येक प्रवासात कॅनडा कधी सोडला, परत कधी आलो, कुठे व कशासाठी गेलो होतो, हे त्यात लिहायचे असते.

सुरुवात पासपोर्टपासून करावी. त्या काळात वापरलेले सगळे पासपोर्ट लागतात. नूतनीकरणानंतर कोपरा कापून परत मिळालेला जुना पासपोर्टही त्यात आला. कॅनडाच्या विमानतळांवर आता यंत्रावर नोंद होत असल्याने दरवेळी शिक्का मिळतोच असे नाही. भारताचे शिक्के मात्र उपयोगी पडतात, पण ते जपून वाचावे लागतात.

समजा, एक प्रवासी १० डिसेंबरला रात्री टोरोंटोहून निघाला. वाटेत विमान बदलून तो मुंबईत उतरतो तेव्हा १२ तारीख उजाडत आलेली असते. परतीचे विमान १० जानेवारीला रात्री दोनचे. इमिग्रेशन मध्यरात्रीपूर्वीच उरकल्याने शिक्का ९ तारखेचा पडतो आणि टोरोंटोत तो १० तारखेला सकाळी पोहोचतो. कॅनडाच्या नियमात निघण्याचा आणि परतण्याचा दिवस देशात राहिल्याचा धरतात. म्हणजे गैरहजेरी ३० दिवसांची झाली. नुसत्या शिक्क्यांवरून मोजली तर ती २७ दिवस भरते. अशा चार फेऱ्यांत १२ दिवसांचा फरक पडतो.

मोटारीने अमेरिकेला केलेल्या फेऱ्या सर्वांत आधी विसरल्या जातात. त्याच दिवशी परतल्यास गैरहजेरी लागत नाही. एकापेक्षा जास्त रात्री मुक्काम केला असल्यास लागते. अमेरिकेत आल्यागेल्याच्या तारखा तिथल्या आय-९४ नोंदींत ऑनलाइन पाहता येतात. कॅनडाच्या सीमा सेवा संस्थेकडे अर्ज करून स्वतःच्या प्रवासाच्या नोंदीही मागवता येतात. त्यांत प्रवेशाच्या तारखा असतात. विमानाने देश सोडल्याची माहिती मात्र २०२० पासूनच गोळा होऊ लागली.

उरलेल्या जागा ईमेलमधली तिकिटे, बोर्डिंग पास, कार्डाची स्टेटमेंट, ऑफिसातल्या रजेच्या नोंदी आणि मोबाइलमधल्या फोटोंच्या तारखा यांवरून भरता येतात. तिकीट नंतर बदललेले असू शकते, म्हणून बोर्डिंग पास अधिक भरवशाचा. एकाच तारखेला दोन पुरावे जुळले की ती नक्की धरावी. तारीख अंदाजाने भरली असेल, तर सोबतच्या पत्रात तसे स्पष्ट लिहावे.

अर्ज तपासणारे अधिकारी ही यादी सीमा सेवेच्या नोंदींशी ताडून पाहतात. प्रामाणिक चुकीचा खुलासा करता येतो. जाणूनबुजून खोटी माहिती दिल्यास अर्ज नाकारला जातो आणि ५ वर्षे नागरिकत्व मिळू शकत नाही. म्हणून १,०९५ दिवस भरल्याबरोबर अर्ज न करता काही आठवडे जास्तीचे हाताशी ठेवावेत, आणि पीआर मिळाल्या दिवसापासून प्रत्येक प्रवासाच्या तारखा एका वहीत टिपून ठेवाव्यात.