पंधरा मिनिटांचा परदेश

पाठीवर सॅक आणि खिशात जेमतेम पैसे. नोव्हेंबर २००६ मध्ये सोनौलीची कमान पायी ओलांडून मी नेपाळात शिरलो. आपल्याला तिथं व्हिसा लागत नाही, पाट्याही देवनागरीत, परदेश वाटेचना.

तिकीट काढताना पहिली ठेच लागली. भाडं ‘आयसी’ की ‘एनसी’? १०० भारतीय रुपयांचे तिथं १६० नेपाळी होतात. तिकिटावर साल २०६३. व्यवहार विक्रम संवताचा. काठमांडूची बस संध्याकाळी सहाची. माझ्या घड्याळात सहाला पाच कमी होते, तर बस गेलेली!

कारण साधं आहे. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं घेते. आपली वेळ ८२.५ रेखांशावर ठरते, नेपाळची १९८६ पासून गौरीशंकर शिखराजवळच्या ८६.२५ वर. म्हणून त्यांचं घड्याळ १५ मिनिटं पुढे.

दुसरं तिकीट काढलं, तर लॉजपुरते पैसे उरत नव्हते. चहावाली म्हणाली, ‘दाई, बस्नुस्.’ मी चमकलो. आपल्याकडे दाई म्हणजे सुईण. तिथं दाई म्हणजे थोरला भाऊ. भावाला तिनं रात्रभर बाकावर आसरा दिला.

लिपी ओळखीची असली, तरी शब्द नव्यानं शिकावे लागतात. आणि घड्याळ त्याआधी लावून घ्यावं.