विश्लेषण : टाळेबंदीतले घर मीटरने कसे मोजले? जून २०२० चे वीजबिल एवढे का आले?

२०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता. देशव्यापी टाळेबंदीचा तोच पहिला दिवस. मुंबईच्या लोकल त्याआधीच थांबल्या होत्या, शाळा बंद झाल्या होत्या आणि एरवी दिवसभर कुलूप असणाऱ्या घरांत सगळी माणसे चोवीस तास होती. त्या दिवसांबद्दल विचारले तर कुणी दूरदर्शनवर पुन्हा लागलेले ‘रामायण’ सांगतो, कुणी फेसाळ डालगोना कॉफी, कुणी गच्चीवरच्या फेऱ्या. कोणत्या वारी काय केले, हे मात्र फारसे कुणाला सांगता येत नाही. सगळे दिवस सारखेच होते.

घरातल्या एका वस्तूने मात्र या दिवसांची नोंद ठेवली. ती म्हणजे वीजमीटर. जूनमध्ये ती नोंद बिल होऊन हातात पडली आणि राज्यभर एकच प्रश्न विचारला गेला, ‘एवढे बिल आले कसे?’

मीटर रीडिंग का थांबले होते?

संसर्गाच्या भीतीमुळे मार्चच्या अखेरीस घरोघरी जाऊन रीडिंग घेणे बंद झाले. बिल मात्र द्यावेच लागणार होते. त्यामुळे आधीच्या महिन्यांच्या वापराची सरासरी काढून बिले दिली गेली. अडचण इथेच होती. सरासरी काढली गेली ती प्रामुख्याने डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी या थंडीच्या महिन्यांची. प्रत्यक्षात वीज वापरली जात होती एप्रिल-मेच्या उकाड्यात, तीही घरात सगळे असताना. ग्राहकांनी मोबाइल अ‍ॅपवरून स्वतः रीडिंग पाठवावे, अशी सोय होती. पण बहुतेकांनी ते पाठवले नाही. जूनमध्ये रीडिंग पुन्हा सुरू झाले, तेव्हा साचलेला फरक एकदम समोर आला.

घरात राहिल्याने वापर किती वाढला?

समजा, डोंबिवलीत वन बीएचके घर आहे. चार माणसे, एसी नाही. एरवी महिन्याला ९० युनिट वीज लागते. दोन पंखे, तेही मुख्यतः रात्रीचे आठ तास. साधा पंखा सुमारे ७५ वॅटचा असतो. म्हणजे दोन्ही मिळून रोज १.२ युनिट.

टाळेबंदीत हेच दोन पंखे वीस-वीस तास फिरले. रोजचे झाले ३ युनिट. फरक १.८ युनिटचा, महिन्याचा ५४. त्यात ‘वर्क फ्रॉम होम’चा लॅपटॉप : ६० वॅट, आठ तास, महिन्यातले २२ दिवस, म्हणजे सुमारे साडेदहा युनिट. टीव्ही रोज पाच तास जास्त चालला तर साडेसात युनिट. एकूण वाढ सत्तरच्या घरात. महिन्याचा वापर ९० वरून १६० युनिट. फ्रीजचे दार दिवसातून कितीदा उघडले, हे तर यात धरलेलेच नाही.

कुणीही उधळपट्टी केली नव्हती. पंखा, लॅपटॉप आणि टीव्ही, एवढ्यावरच हा आकडा गाठला गेला.

वापर पावणेदोनपट, मग बिल पाचपट कसे?

हिशेब सोपा राहावा म्हणून तिन्ही महिन्यांचा वापर १६० युनिटच धरू. एकूण ४८०. पहिल्या दोन महिन्यांची बिले सरासरीने प्रत्येकी ९० युनिटांची आली, म्हणजे १८० युनिटांचे पैसे भरले गेले. उरलेल्या ३०० युनिटांचे पैसे तिसऱ्या बिलात आले. नेहमीच्या महिन्याच्या तिपटीहून जास्त.

त्यावर स्लॅबचा परिणाम. घरगुती विजेत पहिल्या १०० युनिटांचा दर सर्वांत कमी असतो. १०१ ते ३०० युनिटांचा दर त्याच्या जवळपास दुप्पट, पुढे आणखी चढा. ९० युनिटांचे घर पूर्णपणे पहिल्या स्लॅबमध्ये होते. १६० युनिटांवर गेल्यावर दर महिन्याचे ६० युनिट दुसऱ्या स्लॅबमध्ये गेले. स्थिर आकार आणि वीज शुल्क बाजूला ठेवले, तरी तिसरे बिल नेहमीच्या साधारण पाचपट येते. त्यातच १ एप्रिलपासून नवे दर लागू झाले होते.

सगळे ४८० युनिट एकाच महिन्याचे धरून वरचा स्लॅब लावला, असा अनेकांचा समज झाला. तसे केले असते तर बिल आणखी फुगले असते. एकूण युनिटांना महिन्यांनी भागून प्रत्येक महिन्याला स्लॅबचा लाभ दिल्याचे महावितरणने स्पष्ट केले होते. पुढे बिल तीन हप्त्यांत भरण्याची मुभा मिळाली आणि एकरकमी भरणाऱ्यांना दोन टक्के सवलत जाहीर झाली. पण पगारकपात झालेल्या किंवा काम सुटलेल्या घरात गणित बरोबर आहे एवढ्याने दिलासा मिळत नव्हता. बिल बरोबर असूनही भरता येत नव्हते.

हा खर्च नेमका कुणाचा होता?

एप्रिल २०२० मध्ये देशाची एकूण विजेची मागणी आदल्या वर्षीच्या एप्रिलपेक्षा २० टक्क्यांहून जास्त घसरली होती. कारखाने, कार्यालये, मॉल, रेल्वे बंद. त्याच वेळी घरांचा वापर मात्र वाढला. कार्यालयातला पंखा, दिवा, संगणक आणि शाळेतल्या वर्गाचा पंखा घरी आला. त्यांचे बिलही घरीच आले. लोकलचा पास वाचला, हे खरे. पण ज्यांचा पगारच थांबला होता, त्यांच्या घरी ही वजाबाकी जुळली नाही.

घरांचा भार केवढा असतो, याची झलक ५ एप्रिलच्या रात्री दिसली. पंतप्रधानांच्या आवाहनानुसार रात्री नऊला लोकांनी नऊ मिनिटे दिवे मालवले. मागणी १२ ते १४ हजार मेगावॅटने घटेल, असा यंत्रणांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ती सुमारे ३१ हजार मेगावॅटने खाली आली. जलविद्युत केंद्रांचे उत्पादन झपाट्याने कमी करून आणि पुन्हा वाढवून ग्रिड सांभाळण्यात आले.

कुलूप लावून गेलेल्यांचे काय?

टाळेबंदीआधी किंवा ती सुरू झाल्यावर अनेक जण गावी गेले. शहरातल्या खोलीचे मीटर जवळपास थांबले, पण सरासरीचे बिल तिथेही आले. अशा ग्राहकांनी जादा भरलेली रक्कम प्रत्यक्ष रीडिंगनंतर पुढच्या बिलात वळती व्हायची होती. तोवर हातात पैसा नसताना न वापरलेल्या विजेचे बिल समोर होते. इकडे गावच्या घरात मुंबई-पुण्याहून आलेल्या लेकरांमुळे माणसे वाढली आणि वापरही तिथे वाढला. म्हणजे एकाच कुटुंबाला दोन्हीकडून बिल आले.

मीटरला काय दिसले नाही?

५०० वॅटचा मिक्सर दहा मिनिटे चालला, तर युनिटचा दहावा भागही होत नाही. चार वेळचा स्वयंपाक गॅसवर झाला. भांडी, धुणी, केर-फरशी बहुतेक घरांत हातांनी झाली, कारण घरकामाला येणाऱ्या बायकांना सोसायट्यांची दारे बंद होती. त्या तीन महिन्यांत घरातली सर्वांत मोठी वाढ या कामात झाली. ती बहुतेक ठिकाणी घरातल्या बाईच्या वाट्याला आली. तिचा एकही युनिट कुठे नोंदला गेला नाही. कामावरून थांबवलेल्या बाईच्या बुडालेल्या पगाराचीही नोंद नाही.

पुन्हा सरासरीचे बिल आले तर काय पाहावे?

• बिलावरचे चालू रीडिंग आणि मीटरवरचा आकडा जुळतो का, ते पाहा. मीटरचा फोटो काढून ठेवा.
• चालू रीडिंगमधून मागचे प्रत्यक्ष रीडिंग वजा करा. आलेल्या युनिटांना महिन्यांच्या संख्येने भागा. स्लॅब त्या आकड्यावर लागला पाहिजे.
• आधी भरलेली सरासरीची रक्कम वजा झाली आहे का, ते तपासा.
• रीडिंग स्वतः पाठवण्याची सोय असेल तर दर महिन्याला पाठवा. फरक साचत नाही.

जून २०२० चे ते बिल अनेक घरांत अजून फायलीत असेल. काढून पाहिले, तर शेवटच्या बारा महिन्यांच्या वापराचे उभे दांडे त्यावर दिसतात. त्यात एप्रिल आणि मेचे दांडे अंदाजाने काढलेले आहेत. खरे तीन महिने जूनच्या एकाच उंच दांड्यात आहेत.