विभेदन आणि ठराव : खोडद, चंडीगड आणि लोकशाहीतील विज्ञानाचा अधिकार

इंग्रजीतील 'रेझोल्यूशन' या एका शब्दासाठी मराठीला दोन स्वतंत्र संज्ञा योजाव्या लागतात. खगोलशास्त्रात तो 'विभेदन' होतो, म्हणजे जवळजवळच्या दोन बिंदूंना वेगळे ओळखण्याची क्षमता. सभागृहात वा ग्रामसभेत तो 'ठराव' होतो, म्हणजे अनेकांच्या मतभेदांतून निघालेला एक निर्णय. भारत सरकारने ४ मार्च १९५८ रोजी आपले विज्ञानविषयक धोरण स्वीकारले तेही ठरावाच्याच रूपात. पुढे १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोनाची जोपासना हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य ठरविले. तथापि विभेदन आणि ठराव यांचा परस्परसंबंध काय असावा, हा प्रश्न या दोन्ही पाठांनी मोकळाच ठेवला आहे. पुणे जिल्ह्यातील खोडद येथे तो प्रत्यक्ष उभा राहिला.

प्रथम विभेदनाचे स्वरूप पाहू. दुर्बिणीची सूक्ष्मदृष्टी तरंगलांबी आणि दुर्बिणीचा व्यास यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. मृग नक्षत्रातील काक्षी हा महाकाय तारा असूनही आकाशात त्याचा कोनीय व्यास एका कोनीय सेकंदाच्या सुमारे विसाव्या भागाएवढाच दिसतो. १९२० साली माउंट विल्सन येथे मायकेलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मोजला, तो एका आरशाच्या बळावर नव्हे, तर परस्परांपासून दूर ठेवलेल्या आरशांवरून आलेल्या प्रकाशाच्या व्यतिकरणातून. पुढे निलगिरीतील अरुवंकाडू येथे जन्मलेल्या हॅन्बरी ब्राउन यांनी ऑस्ट्रेलियातील नॅराब्री येथे वेगळ्या पद्धतीने बत्तीस ताऱ्यांचे कोनीय व्यास मोजले. या पद्धतींतील समान सूत्र असे की, ज्ञान एकेका साधनात नसते. ते दोन साधनांमधील अंतरात आणि त्यांच्या तुलनेत असते.

खोडदची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण हे या सूत्राचेच भव्य रूप होय. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने ती उभारली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांपैकी १४ मध्यवर्ती चौकात असून उरलेल्या १६ इंग्रजी 'वाय' अक्षरासारख्या तीन भुजांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या विस्तारात, पसरलेल्या आहेत. एकटी अँटेना एक मीटर तरंगलांबीवर आकाशाचा एका अंशाहून मोठा तुकडा एकजीव पाहते. सर्व अँटेना मिळून काही कोनीय सेकंदांचा भेद ओळखतात. ३० अँटेनांच्या ४३५ जोड्या होतात आणि त्या जोड्यांच्या नोंदींतून गणिताने प्रतिमा घडविली जाते. सामान्य ताऱ्यांची बिंबे तिला दिसत नाहीत. मृत ताऱ्यांचे अवशेष, स्पंदतारे आणि दीर्घिका हे तिचे क्षेत्र होय.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला ही रीत अपरिचित वाटू नये. पुण्याच्याच भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली ती अशीच : एकही हस्तलिखित प्रमाण न मानता, अनेकांच्या भेदांची तुलना करून. दोन्ही ठिकाणी प्रतिमा अथवा पाठ हाती आयता येत नाही, तो पुनर्रचिला जातो. म्हणूनच त्यात शिरणारा गोंगाट घातक ठरतो. दूरच्या दीर्घिकेकडून येणारा संकेत इतका क्षीण असतो की भ्रमणध्वनी, विद्युत्-ठिणग्या वा सदोष वीजवाहिन्या त्याला सहज बुडवितात. डोंगरांच्या आडोशाची ही शांत जागा निवडली गेली ती त्याकरिता.

पुणे–नाशिक दरम्यानच्या सुमारे २३५ किलोमीटरच्या नियोजित निमद्रुतगती रेल्वेमार्गाचा मूळ आराखडा नेमका याच भागातून, चाकण, मंचर, नारायणगाव, संगमनेर असा जात होता. विजेवर धावणाऱ्या गाड्यांमुळे दुर्बिणीला बाधा पोचेल असा आक्षेप आला आणि २०२५ मध्ये रेल्वे मंत्रालयाने अहिल्यानगर–शिर्डीमार्गे पर्यायी मार्गाचा पुरस्कार केला. जुन्नर, आंबेगाव, संगमनेर परिसरातून मूळ मार्गाची मागणी मात्र होतच राहिली. ज्या शेतकऱ्याचा टोमॅटो नारायणगावच्या बाजारात येतो, त्याच्या दृष्टीने हा प्रश्न दीर्घिकांचा नसून उत्पन्नाचा आहे.

येथे चंडीगडशी तुलना उद्बोधक ठरते. फाळणीत लाहोर गमावलेल्या पंजाबसाठी नवी राजधानी उभारताना, १९५१ पासून ल कॉर्ब्युझिएच्या आराखड्याला अनेक खेड्यांनी जागा करून दिली. गावकऱ्यांचा विरोध झाला, पण आराखडा टिकला. १९५२ च्या परिघ-नियंत्रण कायद्याने शहराभोवतीच्या पट्ट्यात बांधकामावर निर्बंध आले. तज्ज्ञाची रेषा राज्यसत्तेने कायद्यात उतरविली. तिच्या पलीकडच्यांना ती समजावून सांगण्याची गरज भासली नाही. कालांतराने त्या पट्ट्यात अनधिकृत वस्त्या वाढल्या. ज्या रेषेमागील कारण लोकांचे झालेले नसते, ती कायद्याच्या आधारावरही पुसट होत जाते.

खोडदच्या प्रश्नात दोन विधाने एकमेकांत मिसळली आहेत. 'अमुक अंतरावरील गाडीमुळे इतकी बाधा होईल' हे मोजता येण्याजोगे विधान आहे. ते मतदानाने खरे-खोटे ठरत नाही. 'ती बाधा टाळण्यासाठी या तालुक्यांनी रेल्वे सोडावी' हे मूल्यविधान आहे. ते उपकरणातून निघत नाही. पहिले विधान दुसऱ्याची जागा घेऊ लागले की विज्ञान हुकूम होते. दुसरे पहिल्याची जागा घेऊ लागले की ठराव आंधळा होतो. म्हणून मोजमापे, पर्यायी मार्गांचे खर्च, भुयार वा आवरण यांसारख्या उपायांच्या मर्यादा या साऱ्या गोष्टी मराठीत आणि निर्णयापूर्वी लोकांपुढे येणे आवश्यक आहे. राष्ट्रीय विज्ञान दिनी खोडदचे प्रवेशद्वार विद्यार्थ्यांसाठी व ग्रामस्थांसाठी खुले होते, ही चांगली परंपरा होय. परंतु दुर्बीण पाहणे आणि तिच्याविषयीच्या निर्णयात सहभागी होणे यांत अंतर आहे.

अँटेना एकमेकींपासून दूर असतात म्हणूनच त्यांची संयुक्त दृष्टी सूक्ष्म होते. मात्र त्यासाठी प्रत्येकीची नोंद एकाच काळमापाने घेऊन एकत्र आणावी लागते. संशोधक आणि शेतकरी यांच्यातील अंतराचेही तसेच आहे. ते नाकारून नव्हे, तर दोघांच्या नोंदी एकाच वेळी एकाच पटावर मांडूनच विभेदनावर आधारलेला ठराव संभवतो.