लाइन कुठपर्यंत जिवंत आहे?

टेलिफोन खात्यात मी एकतीस वर्षं लाइनवर काम केलं. चिपळूण आणि आसपासची गावं, पावसाळ्यात गुडघाभर चिखल. ‘फोन डेड आहे’ अशी तक्रार आली की मी आधी त्या घरी जात नसे. एक्स्चेंजमधून निघालेली तांब्याची जोडी रस्त्याकडेच्या पिलरमध्ये येते, तिथून खांबावरच्या डीपी नावाच्या डबीत आणि डीपीतून ड्रॉप वायरने घरात. मी पहिल्यांदा डीपी उघडायचो आणि टेस्ट फोन जोडून कानाला लावायचो. टोन आला, तर एक्स्चेंजपासून इथवर सगळं ठीक, दोष घराच्या बाजूला. टोन नसेल तर घरात शिरून काहीच साधणार नाही, मागे पिलरकडे जायचं. मिनिटभरात अर्धी लाइन संशयातून सुटायची.

आता निवृत्त झालो, तरी आळीतली माणसं बोलावतात. तक्रार बदलली आहे: ‘काका, कॉम्प्युटरला नेट येत नाही.’ तांब्याच्या जागी काचेची तार आली, टोनच्या जागी दिवे आले. माझा प्रश्न मात्र तोच आहे. लाइन कुठपर्यंत जिवंत आहे?

हा प्रश्न न विचारता माणसं एकदम सगळ्याला हात घालतात. राउटर रीसेट करतात, वायफायचा पासवर्ड बदलतात, अँटिव्हायरस काढून टाकतात, कुणी तर विंडोजच नव्याने टाकतो. तासाभराने मूळ बिघाड कोणता आणि आपण केलेला कोणता, हे कुणालाच सांगता येत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, फरक पडला नाही तर ती होती तशी करायची आणि मगच पुढचीकडे वळायचं. खात्यात पहिल्या आठवड्यात मला हे शिकवलं होतं.

माझा आजचा टेस्ट फोन म्हणजे घरातला मोबाइल. त्याचा मोबाइल डेटा बंद करायचा (हे न केल्याने निम्म्या चाचण्या फसतात) आणि फक्त वायफायवर एरवी आपण उघडत नाही असं एखादं पान उघडून बघायचं. उघडलं, तर बाहेरच्या खांबापासून राउटरपर्यंत लाइन जिवंत आहे आणि दोष कॉम्प्युटरमध्ये किंवा त्याच्या वायरमध्ये आहे. मोबाइलवरही नेट नसेल तर कॉम्प्युटरला हात लावू नका, पेटीकडे जा.

पेटी म्हणजे जिला फायबर येऊन मिळतो ती. कुणी तिला मोडेम म्हणतं, कुणी राउटर, कंपनीची पोरं ओएनटी म्हणतात. तिच्यावर ‘पॉन’ नावाचा दिवा स्थिर हिरवा हवा. ‘लॉस’ लाल झाला, तर पेटीपर्यंत उजेडच पोचत नाही, आणि घरातल्या कुठल्याही बटणाने तो येणार नाही. त्या तारेच्या आत ज्या काचेतून उजेड धावतो ती जेमतेम ९ मायक्रॉन जाडीची असते, आपल्या केसाच्याही कितीतरी पट बारीक. घरी येणाऱ्या उजेडाची तरंगलांबी १४९० नॅनोमीटर, म्हणजे तो डोळ्याला दिसत नाही. म्हणून तार काढून टोकात डोकावू नये, मुलांनाही डोकावू देऊ नये.

काचेला तीव्र वळण सोसत नाही, उजेड वळणावर बाहेर निसटतो. माझ्या पुतण्याच्या घरी दिवाळीच्या साफसफाईत कपाट भिंतीला टेकवलं आणि त्यामागे तार दुमडली. तीन दिवस नेट कधी यायचं, कधी जायचं. कपाट चार बोटं पुढे ओढलं आणि लाल दिवा विझला. तारेची हिरव्या टोकाची पिन पदराने किंवा बोटाने पुसू नका. बोटाचा तेलकट डागसुद्धा उजेड अडवतो. कंपनीचा माणूस उजेड मोजायला पॉवर मीटर लावतो तेव्हा आकडा मात्र जरूर विचारा. उणे वीसच्या आसपास असेल तर तार छान आहे, उणे सत्तावीसच्या पलीकडे गेला तर पेटी लाइन सोडायला लागते.

फायबरची एक तार बाहेर स्प्लिटरमध्ये फाटून ३२ किंवा ६४ घरांना जाते. म्हणून लाल दिवा दिसला की शेजारच्यांना विचारायचं, ‘वहिनी, तुमच्याकडे आहे का?’ त्यांचंही बंद असेल तर दोष मागे कुठेतरी आहे. कुठे झाडाची फांदी पडलेली असते, कुठे जेसीबीचा दात लागलेला असतो. मग तक्रार नोंदवून वाट बघणं एवढंच हातात आहे. तक्रार क्रमांक लिहून घ्या.

दिवे ठीक असूनही मोबाइलवर नेट नसेल तर पेटी बंद करून चालू करावी. स्विच बंद, एक मिनिट थांबा, मग चालू. राउटर वेगळा असेल तर आधी पेटी, तिचे दिवे स्थिरावले की राउटर आणि शेवटी कॉम्प्युटर. अडकून बसलेली जोडणी बहुतेक वेळा एवढ्यानेच सुटते.

इथे एक गोष्ट जोर देऊन सांगतो. बंद-चालू करणं म्हणजे रीस्टार्ट. मागच्या बारीक भोकात टाचणी घालून दाबलं की होतो तो रीसेट. या दोन शब्दांच्या गोंधळाने मी कितीतरी घरं आठवडाभर बिननेटची बसलेली पाहिली आहेत. अनेक कंपन्यांच्या जोडणीत तुमचं युजरनेम आणि पासवर्ड राउटरच्या आत भरलेलं असतं. टाचणी दाबली की ते पुसलं जातं आणि राउटर कारखान्यातून आला तसा कोरा होतो. दिवे लागतात, वायफायही दिसतं, नेट मात्र येत नाही. ते युजरनेम तुमच्याकडे लिहिलेलं नसेल तर टाचणीला हात लावू नका.

आता मोबाइलवर नेट आहे आणि कॉम्प्युटरवर नाही, ही अवस्था घेऊ. आमच्या आळीत एक निवृत्त शिक्षिका राहतात, सगळे त्यांना बाईच म्हणतात. मुलगी परदेशात, रविवारी व्हिडिओवर बोलणं ठरलेलं. एका रविवारी सकाळी त्यांचा फोन आला, ‘येता का जरा? एका दुकानदाराने नवा कॉम्प्युटर घ्यायला सांगितलंय.’

मी गेलो. मागची लॅनची वायर पाहिली. तिची प्लास्टिकची क्लिप तुटली की खटका लागत नाही आणि वायर बसल्यासारखी दिसूनही सुटलेली असते. बाईंची घट्ट होती, शेजारचा दिवा लुकलुकत होता. मग काळी खिडकी उघडली. स्टार्टमध्ये ‘सीएमडी’ लिहिलं की उघडते ती. तिथे ‘आयपीकॉन्फिग’ टाइप केलं की कॉम्प्युटरला मिळालेला नंबर दिसतो. नव्या ग्राहकाला जसा एक्स्चेंज नंबर देतं, तसा घरातल्या प्रत्येक उपकरणाला राउटर नंबर देतो, बहुतेक घरांत १९२.१६८ ने सुरू होणारा. तिथे १६९.२५४ ने सुरू होणारा दिसला, तर राउटरकडून नंबर मिळालाच नाही आणि कॉम्प्युटरने आपल्या मनाने एक घेतला, असं समजायचं. तेव्हा वायर, वायफायचा पासवर्ड किंवा राउटर तपासावा. बाईंचा नंबर बरोबर होता.

पुढे पिंग. समोरच्याला एक छोटी हाक घालायची आणि उत्तर येतं का, किती वेळात येतं, ते बघायचं. अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेतल्या माइक मूस यांनी १९८३च्या डिसेंबरात हा छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि पाणबुडी शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून त्याला नाव दिलं. मी तीन हाका घालतो. पहिली राउटरला: आयपीकॉन्फिगमध्ये ‘डिफॉल्ट गेटवे’समोर त्याचा पत्ता असतो, पुष्कळदा १९२.१६८.१.१. ही माझी डीपी. दुसरी बाहेर ८.८.८.८ला, हा गूगलचा नंबर आहे आणि तो जवळजवळ कधी बंद नसतो. हा माझा पिलर. तिसरी एखाद्या साइटच्या नावाला.

तिसरी वेगळी का घालायची, ते आमच्या पिढीला चटकन कळेल. नाव माहीत आहे पण नंबर माहीत नाही, तर आपण १९७ फिरवून चौकशीला विचारायचो. इंटरनेटवर हे काम डीएनएस करतं. त्याची रचना पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३मध्येच मांडली. कॉम्प्युटरला नावाने जाता येत नाही, तो आधी डीएनएसला नंबर विचारतो. ८.८.८.८ उत्तर देतंय आणि नावाने काही उघडत नाही, तर लाइन धडधाकट आहे, फक्त १९७ उचलत नाही. अशा वेळी नेटवर्कच्या सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ लिहिला की काम होतं. जुना काय होता तो आधी टिपून ठेवा.

बाईंकडे तिन्ही हाकांना उत्तर आलं. तरीही मेल उघडेना, बँक उघडेना, ब्राउझर म्हणे तुमचं कनेक्शन खासगी नाही. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात पाहिलं, तर घड्याळात १ जानेवारी २०१२.

प्रत्येक सुरक्षित साइट आपली ओळख म्हणून एक प्रमाणपत्र दाखवते आणि त्यावर कधीपासून कधीपर्यंत वैध, अशा दोन तारखा असतात. कॉम्प्युटर त्या आपल्या घड्याळाशी ताडून बघतो. त्याच्या लेखी २०१२ साल चालू असेल, तर आजची सगळी प्रमाणपत्रं अजून जन्माला यायची आहेत. तो कुणावरच विश्वास ठेवत नाही, आणि माणसाला वाटतं नेट गेलं. घड्याळ चालू ठेवणारा सेल आतल्या मदरबोर्डवर असतो, रुपयाच्या नाण्यासारखा, ३ व्होल्टचा, नंबर सीआर २०३२. कॉम्प्युटर भिंतीच्या स्विचला चालू असेपर्यंत तो संपल्याचं जाणवत नाही. कोकणात विजांची भीती, म्हणून बाई रोज रात्री मेन स्विच बंद करायच्या. ते योग्यच होतं. सेल मेला होता, म्हणून रोज सकाळी घड्याळ मागे जायचं.

तारीख दुरुस्त केली आणि मेल लगेच उघडली. दुपारी नवा सेल आणून बसवला, पन्नास रुपयांच्या आत काम झालं. नव्या कॉम्प्युटरचे तीसेक हजार त्या बाईंच्या पेन्शनमधून जाणार होते. हे मला सहन होत नाही. तारीख न बघता दिलेला तो सल्ला चुकीचा होता, असं मी स्पष्ट म्हणतो.

बाकीची कारणं थोडक्यात. लॅपटॉपवर एअरप्लेन मोड चुकून लागतो, ते आधी बघा. आमच्याकडच्या जांभ्या दगडाच्या जाड भिंतींतून ५ गिगाहर्ट्‌झचं वायफाय नीट जात नाही, आतल्या खोलीत २.४ला जोडा. मात्र मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच २.४च्या आसपास चालतो, तो सुरू असताना वायफाय अडखळलं तर घाबरू नका. गडगडाट सुरू झाला की पेटीचा अ‍ॅडॅप्टर बोर्डातून काढा. काचेतून वीज येत नाही, पण अ‍ॅडॅप्टरमधून आणि लॅनच्या तांब्यातून येते.

आणि एक धोका. नेट गेल्यावर माणसं मोबाइलवर कंपनीचा ‘कस्टमर केअर’ नंबर शोधतात आणि पहिला दिसेल तो लावतात. तो चोराचा असू शकतो. समोरचा गोड बोलून स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप टाकायला सांगतो, दहा रुपये भरायला लावतो आणि खातं रिकामं होतं. नेट दुरुस्त करायला कुणालाही तुमचा ओटीपी लागत नाही. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० लावा.

तेव्हा माझी विनंती एवढीच, आणि ती आज, नेट चालू असतानाच पुरी करा. पेटीच्या दिव्यांचा एक फोटो काढून ठेवा, म्हणजे निरोगी पेटी कशी दिसते ते बिघाडाच्या दिवशी ताडता येईल. बिलावरून ग्राहक क्रमांक आणि तक्रार नोंदवायचा फोन नंबर वहीत उतरवा. राउटरमधलं युजरनेम आणि पासवर्ड कंपनीच्या माणसाकडून मागून घ्या, ते तुमचंच आहे. आणि ती वही कपाटात, लाइटबिलांच्या फाइलशेजारी ठेवा.