जानुसंधिगतवात : व्यायाम कोणता व किती?

'पायऱ्या चढू नका, चालणे कमी करा, गुडघ्यांना विश्रांती द्या.' साठी ओलांडलेला, गुडघेदुखीने त्रस्त झालेला रुग्ण आपल्या चिकित्सालयात येतो तो बहुधा हे शब्द कोणाकडून तरी ऐकूनच. स्नेहन, स्वेदन, बस्ती यांची योजना काटेकोरपणे करावी आणि व्यायामाविषयी मात्र 'झेपेल तेवढा करा' एवढेच सांगून मोकळे व्हावे, ही पद्धत आम्हीही दीर्घकाळ अनुसरली. तिचे फळ आपण सर्वजण पाहतो. विश्रांतीने प्रथम वेदना कमी भासते. पुढे मांडीचे मांस क्षीण होते, वजन वाढते आणि जमिनीवर हात टेकून उठणाऱ्या रुग्णास काही काळाने दुसऱ्याचा आधार लागू लागतो.

या संकोचास शास्त्राधारही आहे. वातपित्तरोगी, बालक, वृद्ध व अजीर्णी यांनी व्यायाम वर्ज्य करावा, असे वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयाच्या दिनचर्याध्यायात सांगितले आहे. संधिगतवाताचा वृद्ध रुग्ण या निषेधात दोन्ही अंगांनी बसतो. परंतु चरकाचार्यांनी स्थैर्य देणारी व बल वाढविणारी शरीरचेष्टा म्हणजे व्यायाम, अशी व्याख्या करून ती मात्रेत करावी असे म्हटले आहे. निषेध आहे तो सर्वांगास श्रम देणाऱ्या, मात्रा सोडलेल्या व्यायामाचा. रुग्णाचे बल पाहून योजलेल्या चेष्टेचा नव्हे, असे आमचे मत आहे. सांध्यातील कूर्चेस स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. दाब पडणे व सुटणे या क्रियेतूनच तिला सांध्यातील द्रवापासून पोषण मिळते. श्लेषक कफाचे कार्य ज्यांना मान्य आहे, त्यांना हे वेगळे समजावण्याची आवश्यकता नाही.

आता व्यायाम कोणता? या प्रश्नावर तुलनात्मक अभ्यास बरेच झाले आहेत. अमेरिकेत 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 60 वर्षांवरील 439 रुग्णांचे तीन गट करून 18 महिने निरीक्षण केले गेले. केवळ आरोग्यशिक्षण घेणाऱ्या गटाच्या तुलनेत चालण्याच्या व्यायामाने वेदनेचे गुणांक 12 टक्के, तर वजनाच्या साहाय्याने केलेल्या बलवर्धक व्यायामाने 8 टक्के कमी आढळले. भारी वजने उचलल्यास लाभ वाढेल काय, हे 377 रुग्णांत तपासले गेले. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत 18 महिन्यांनंतर भारी व हलक्या वजनांच्या गटांत वेदनेच्या दृष्टीने लक्षणीय फरक दिसला नाही. ऑस्ट्रेलियातील टास्मानियात 117 रुग्णांत योगाभ्यास व बलवर्धक व्यायाम यांची तुलना झाली. 2025 मधील त्या अहवालानुसार 12 आठवड्यांनी वेदनाशमनात योगाभ्यास उणा ठरला नाही. त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 217 चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. त्यात चालणे, सायकल, पोहणे अशा दमश्वास वाढविणाऱ्या व्यायामास वेदना व कार्यक्षमता या दोन्ही बाबतींत अग्रस्थान मिळाले. अन्य प्रकारही उपयुक्त ठरले.

यातून आम्ही घेतलेला बोध असा की, प्रकाराप्रकारांतील अंतर लहान आहे. खरा भेद करणारा व न करणारा यांच्यातील आहे. लाभ मध्यम आहे, झिजलेली कूर्चा त्याने पूर्ववत होत नाही, हेही रुग्णास प्रांजळपणे सांगावे. मात्र जो व्यायाम रुग्ण सहा महिन्यांनीही करीत असेल, तोच त्याच्यासाठी श्रेष्ठ.

निवड रुग्णपरत्वे करावी. चालू शकणाऱ्या रुग्णास सपाट भूमीवर चालणे प्रथम द्यावे. स्थूल रुग्णास किंवा ज्यास उभे राहून भार सोसत नाही त्यास पाण्यातील व्यायाम वा स्थिर सायकल सुचवावी. मांडी क्षीण झालेल्या रुग्णाकडून गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून तो पाच अंक मोजेपर्यंत दाबणे आणि खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे करवून घ्यावे. योगासनांत रुची असणाऱ्यास ताडासनासारखी उभी आसने द्यावीत. वेदना तीव्र असताना वज्रासन, मांडी घालून वा उकिडवे बसणे टाळावे.

मात्रेविषयी अर्धशक्तीचा नियम आजही पुरेसा आहे. श्वास तोंडावाटे घ्यावा लागणे, कपाळ, नाक व काखेत घाम येणे ही अर्ध्या बलाची लक्षणे होत, तेथे थांबावे. चालताना बोलता आले पाहिजे, अशा शब्दांत रुग्णास हे सहज उमजते. दिनचर्येतील क्रमानुसार आधी अभ्यंग, मग व्यायाम. व्यायामसमयी किंचित दुखणे चालेल. दुसऱ्या दिवशीही दुखणे वा सूज वाढलेली राहिल्यास मात्रा निम्मी करावी, व्यायाम सोडू नये. सांधा लाल व उष्ण होणे, ज्वर, गुडघा अडकणे, पोटरीस सूज किंवा चालताना छातीत दुखणे असल्यास मात्र आधी तपासणी करावी.

औषधाची मात्रा, काळ व अनुपान आपण लिहून देतो. व्यायामाचेही तसेच लिहून द्यावे आणि पुढील भेटीत त्याविषयी विचारावे, एवढीच वैद्यबंधुभगिनींना आमची विनंती आहे.