चेंडू, जर्सी आणि वर्तमानपत्रांची कात्रणं : बेसबॉलच्या स्मृतींचा आढावा

न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन या लहानशा गावात बेसबॉलचं 'हॉल ऑफ फेम' संग्रहालय आहे. 12 जून 1939 रोजी ते खुलं झालं. ॲबनर डबलडे नावाच्या माणसाने 1839 मध्ये याच गावात हा खेळ शोधून काढला, असा निर्वाळा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका समितीने दिला होता. पुढे शेजारच्या गावात एका जुन्या पेटीत फाटका, हाताने शिवलेला चेंडू सापडला. तो डबलडेचाच असल्याचं मानलं गेलं. कूपर्सटाउनचे धनिक स्टीफन क्लार्क यांनी तो पाच डॉलरला विकत घेतला आणि त्यातूनच संग्रहालय आकाराला आलं. पण 1839 मध्ये डबलडे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकत होता. इंग्लंडमधल्या जुन्या चेंडूफळीच्या खेळांतून बेसबॉल हळूहळू घडत गेला, हे आता संशोधकांनी मान्य केलं आहे. चेंडू जपला गेला, कथा मात्र खोटी ठरली. एखादी वस्तू जपली म्हणजे इतिहास जपला असं होत नाही, हा बेसबॉलचा पहिला धडा.

वस्तूंचं मोल

तरीही या खेळाला आपल्या वस्तूंचं विलक्षण प्रेम आहे. 1909 ते 1911 या काळात सिगारेटच्या पाकिटांतून खेळाडूंची चित्रं असलेली कार्डं वाटली जात. होनस वॅग्नर या खेळाडूने आपलं चित्र छापायला हरकत घेतली, त्यामुळे त्याची मोजकीच कार्डं बाहेर पडली. त्यांपैकी एक 2022 मध्ये 72.5 लाख डॉलरला विकलं गेलं.

विख्यात फलंदाज बेब रूथची जर्सी त्याहून महाग ठरली. 1932च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिकेत, शिकागोच्या रिग्ली फील्डवर रूथने बोट उंचावलं आणि पुढच्याच चेंडूवर प्रचंड होमरन (चेंडू थेट मैदानाबाहेर धाडणारा फटका) मारला. चेंडू कुठे मारणार ते त्याने दाखवलं होतं, की तो प्रतिस्पर्ध्यांना डिवचत होता, हा वाद अजून चालू आहे. त्या सामन्यातली जर्सी 2024 मध्ये 2 कोटी 41 लाख डॉलरला गेली. उलट, 1951 मध्ये पोलो ग्राउंड्सवर बॉबी थॉमसनने ज्या फटक्याने जायंट्स संघाला नॅशनल लीगचं अजिंक्यपद मिळवून दिलं, तो चेंडू प्रेक्षकांत गेला आणि कधीच हाती लागला नाही. पण त्या फटक्याची आठवण पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते.

तीन माणसं

काही आठवणींना वस्तूंची गरजच लागत नाही. यँकीज संघाचा लू गेरिग सलग 2,130 सामने खेळला. स्नायूंची ताकद हिरावून घेणाऱ्या असाध्य आजाराने त्याला थांबवलं. 4 जुलै 1939 रोजी यँकी स्टेडियमवर त्याने निरोप घेतला, तोही स्वतःला भाग्यवान म्हणवून. दोन वर्षांनी तो गेला. आज अमेरिकेत तो आजार त्याच्याच नावाने ओळखला जातो.

15 एप्रिल 1947 रोजी कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्स संघाकडून मैदानात उतरला आणि मेजर लीग या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेतली वर्णभेदाची भिंत कोसळली. शिवीगाळ आणि धमक्या सोसत तो त्या हंगामातला सर्वोत्तम नवोदित ठरला. त्याचा 42 हा क्रमांक 1997 मध्ये सर्व संघांनी कायमचा निवृत्त केला.

1974 मध्ये हँक ॲरन या कृष्णवर्णीय फलंदाजाने कारकिर्दीतला 715वा होमरन मारून रूथचा विक्रम मोडला, तेव्हाही त्याला ठार मारण्याच्या धमक्यांची पत्रं येत होती. ती पत्रं त्याने जपून ठेवली. गौरवाच्या ट्रॉफीइतकाच तो पुरावाही मोलाचा आहे, हे त्याला ठाऊक होतं.

कात्रणांचा न्याय

रॉबिन्सनच्या आधीच्या कृष्णवर्णीय खेळाडूंचं काय? मेजर लीगची दारं बंद असल्यामुळे ते 1920 पासून 'निग्रो लीग'मध्ये खेळले. त्यातला जॉश गिब्सन हा असामान्य कॅचर (यष्टिरक्षकासारखा खेळाडू) आणि फलंदाज. रॉबिन्सनच्या पदार्पणाला तीन महिनेही उरले नव्हते, तेव्हा 35व्या वर्षी तो वारला. मेजर लीगमध्ये त्याला एकही चेंडू खेळता आला नाही.

त्या सामन्यांच्या अधिकृत नोंदी तुटपुंज्या होत्या. पण कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्रांनी धावफलक छापले होते. संशोधकांनी वर्षानुवर्षं ती जुनी पानं चाळली, आकडे जुळवले, पडताळले. त्या कामाच्या आधारावर मे 2024 मध्ये मेजर लीगने 1920 ते 1948 या काळातल्या निग्रो लीगच्या 2,300 हून अधिक खेळाडूंची कामगिरी आपल्या अधिकृत नोंदींत सामावून घेतली. गिब्सनची सरासरी .372 निघाली, म्हणजे फलंदाजीच्या दर हजार संधींमागे 372 यशस्वी फटके (हिट). टाय कॉबचा .367 हा कारकिर्दीच्या सरासरीचा विक्रम मागे पडला.

बेसबॉलच्या इतिहासातला सर्वांत मौल्यवान ठेवा म्हणून कोट्यवधींच्या जर्सीकडे बोट दाखवलं जातं. माझ्या मते तो मान त्या पिवळ्या पडलेल्या वर्तमानपत्रांचा आहे. जर्सीने आधीच थोर असलेल्या माणसाची थोरवी वाढवली. कात्रणांनी हजारो माणसांना त्यांचं हक्काचं स्थान परत दिलं. कुठल्याही खेळाच्या संग्रहालयाचं मोठेपण याच कसोटीवर ठरवावं.